‘खर्च किती येईल?’ हा प्रश्न जिथे कुणी विचारत नाही

ऐरोलीच्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न आला आहे. रेडिएशन ऑन्कॉलॉजीत, म्हणजे कॅन्सरवरच्या किरणोपचारात, एमडी झालंय, तीन वर्षं ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात काम करताहेत. पत्नी डेंटिस्ट, मुलगी दोन वर्षांची, आईवडील सोबतच राहतात. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, जावं का, वाट कोणती, पैसे किती मिळतात, हे त्यांनी विचारलंय. आणि शेवटी एक वाक्य जोडलंय: "पेशंटच्या खिशाकडे न बघता काम करता येतं, असं ऐकतो. ते खरं आहे का?"

मी उत्तर इंग्लंडमध्ये अकरा वर्षं हेच काम केलं, आधी फेलो (हाताखालचा डॉक्टर) म्हणून आणि मग कन्सल्टंट (स्वतंत्र जबाबदारीचा तज्ज्ञ) म्हणून. परत येऊन आता ठाण्यातच ओपीडी चालवते. शेवटचा प्रश्न सगळ्यात खरा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हो, खरं आहे. कोपरीचा रिक्षावाला जबड्याची गाठ घेऊन माझ्यासमोर बसतो तेव्हा "काय झालंय?" याच्या आधी "किती लागतील?" विचारतो. मग आपलं डोकं दोन रुळांवर धावायला लागतं. एका रुळावर स्टेज, दुसऱ्यावर महात्मा फुले योजनेत काय बसेल, रेशनकार्ड आहे का, टाटाला पाठवलं तर तो तिथल्या गर्दीत टिकेल की दोन खेपांत कंटाळून घरी बसेल. एनएचएसमधल्या पहिल्या महिन्यात मी एका बाईंना केमो आणि अँटिबॉडीचा वर्षभराचा कोर्स समजावला आणि सवयीने थांबले, खर्चाच्या प्रश्नासाठी. तो आलाच नाही. त्यांनी विचारलं, "त्या दिवसांत कुत्र्याला फिरवायला नेता येईल का?" १९४८ साली सुरू झालेल्या त्या व्यवस्थेचं मला समजलेलं सार त्या एका प्रश्नात आहे. इंग्लंडमध्ये बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठीवर थोडी फी असते, तीही कॅन्सरच्या रुग्णांना २००९ पासून माफ आहे.

पण पैसा खोलीतून गेला म्हणजे व्यवस्थेतून गेला असं नाही. तो दोन ठिकाणी जाऊन बसतो. एक म्हणजे रांग, आणि दुसरं म्हणजे नाइस नावाची संस्था.

रांगेचं आधी सांगते. इंग्लंडमध्ये नियम असा की फॅमिली डॉक्टरने कॅन्सरच्या संशयावरून तातडीने पाठवलं की २८ दिवसांत आजार आहे की नाही हे रुग्णाला कळायला हवं, ६२ दिवसांत उपचार सुरू व्हायला हवेत. ६२ दिवसांचं उद्दिष्ट ८५ टक्के रुग्णांसाठी आहे, आणि देशपातळीवर ते २०१५ नंतर गाठलं गेलेलं नाही. तुम्ही घोडबंदर रोडवर सकाळी सीटी लिहून देता आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. तिथे तुम्ही सीटी मागता, तो रेडिओलॉजिस्टच्या यादीत जातो, आणि रुग्ण घरी वाट बघतो. एनएचएसमध्ये ज्याच्याकडे पैसे आहेत आणि ज्याच्याकडे नाहीत, दोघंही त्याच रांगेत. यात न्याय आहे. पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांनी काय बदलतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि ते माहीत असूनही शांत राहायला शिकणं हा तिथल्या नोकरीचा भाग आहे. मला ते शेवटपर्यंत नीट जमलं नाही. मी रेडिओलॉजीत जाऊन उभी राहायचे. तिथले लोक हसून म्हणायचे, आली पुन्हा.

आता नाइस. औषध सरकारी पैशातून द्यायचं की नाही हे ती ठरवते. त्या औषधाने चांगल्या स्थितीतलं एक जादा वर्ष मिळायला किती खर्च येतो, असा हिशेब असतो. ही मर्यादा अनेक वर्षं २० ते ३० हजार पौंडांच्या दरम्यान होती. नाइसने मंजूर न केलेल्या कॅन्सरच्या औषधांसाठी २०११ मध्ये वेगळा कॅन्सर ड्रग्ज फंड निघाला, २०१६ मध्ये त्याची फेररचना झाली, आणि आता तो पुराव्याबद्दल शंका असलेल्या औषधांसाठी आहे. म्हणजे कन्सल्टंट म्हणून तुम्ही लिहाल ते औषध मिळेलच असं नाही. संगणकावर एक फॉर्म येतो, त्यातल्या प्रत्येक अटीवर खूण करावी लागते, एक अट चुकली की औषध मंजूर होत नाही. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या एका निवृत्त बस ड्रायव्हरला मला सांगावं लागलं की अमेरिकेत मिळणारं एक औषध त्याला इथे मिळणार नाही. ठाण्यात हे वाक्य मी हजार वेळा बोलले असेन, फक्त कारण वेगळं: तुम्हाला परवडणार नाही. त्या दिवशी कारण होतं, देशाला परवडणार नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "इतर कुणाला मिळतंय आणि मला नाही, असं नसेल, तर ठीक आहे." मी घरी येऊन बराच वेळ त्या वाक्याचा विचार करत होते. त्याच्या जागी मी असते तर एवढ्या शांतपणे ऐकलं असतं असं वाटत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: खिशाकडे बघावं लागत नाही, पण घड्याळाकडे आणि त्या फॉर्मकडे बघावं लागतं. अडचण कुठली झेपते ते ज्याचं त्याने ठरवावं. मला घड्याळाची आणि फॉर्मची अडचण जास्त झेपली, हे मी कबूल करते.

आता रोजच्या कामाबद्दल. तुम्ही एमडी रेडिएशनवाले आहात, म्हणजे तिथल्या भाषेत तुमची जागा ‘क्लिनिकल ऑन्कॉलॉजिस्ट’ची. हा माणूस किरणोपचारही देतो आणि केमो, इम्युनोथेरपीही लिहितो. नुसत्या औषधांचे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट वेगळे. आपल्याकडच्या खासगी रुग्णालयांत मेडिकल ऑन्कॉलॉजीत डीएम झालेले आले की एमडीवाल्यांच्या हातून केमो जाते आणि आपण शेकापुरते, म्हणजे किरणोपचारापुरते, उरतो. तुमचंही तसं झालं असेल तर जाण्याआधी वर्षभर तरी केमोचा हात पुन्हा बसवून घ्या. मुलाखतीत हे लगेच उघडं पडतं.

शिवाय तिथे सगळे अवयव एकटा बघत नाही. दोन, फार तर तीन. मी स्तन आणि फुप्फुस बघायचे. आठवड्याला एकदा त्या अवयवाची बैठक होते, एमडीटी म्हणतात. सर्जन, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट, आपण आणि स्पेशालिस्ट नर्स, सगळे बसून प्रत्येक केस ठरवतात. १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर ही पद्धत रुळली. ठाण्यात ज्याच्याकडे रुग्ण आधी पोचला त्याचा उपचार आधी होतो, सर्जनकडे गेला तर सुरी, आपल्याकडे आला तर शेक. तिथे ही मुभा नाही. सुरुवातीला मला हे अपमानास्पद वाटायचं. बावीस केसेस दीड तासात, आणि माझ्या केसवर मत देणारे पाच जण! दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की रात्री झोप चांगली लागतेय.

स्पेशालिस्ट नर्सबद्दल आवर्जून सांगते, कारण आपल्याकडे हे पद जवळजवळ नाही. प्रत्येक रुग्णाला एक ठरलेली नर्स असते, तिचा फोन नंबर त्याच्याकडे असतो. माझ्या बाजूला बसायची ती बाई वीस वर्षं स्तनाच्या कॅन्सरमध्ये होती. मी बाहेर पडले की ती रुग्णाला विचारायची, "डॉक्टर काय म्हणाल्या, तुम्हाला काय समजलं?" आणि मग मला येऊन सांगायची, "त्यांना काहीच समजलेलं नाही." पहिल्या वर्षात ती माझी खरी परीक्षक होती. नर्सला "सिस्टर, जरा हे करा" या सुरात बोलायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडून या.

भाषा हा वेगळाच विषय आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण साडेसात आणि प्रत्येक भागात किमान सात लागतात, किंवा ओईटी या वैद्यकीय इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात बी श्रेणी. ते तुम्ही आणाल. पण यॉर्कशरचा म्हातारा "फार काही वाईट नाही" म्हणाला तर तो तीन रात्री झोपलेला नाही, हे कुठल्याही परीक्षेत शिकवत नाहीत. आपल्याकडे दुखणं मोठं करून सांगतात, तिथे लहान करून. दोन्हीकडे आपल्यालाच दुरुस्ती करावी लागते.

आणि आता माझी चूक. तिथे गेल्यावर चौथ्या महिन्यात वॉर्डवर फोन आला. एका रुग्णाची मुलगी होती, दुसऱ्या शहरातून, रडत होती. बाबांना काय झालंय? मी ठाण्याची, मला वाटलं मुलगी आहे, सांगायलाच हवं. सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "ते सांगायचं काम माझं होतं, डॉक्टर." आवाजही चढवला नाही. पुढे लेखी तक्रार झाली, मी लेखी माफी मागितली. काय चुकलं आणि काय शिकले यावर दोन पानं लिहून वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलला लावली. शिक्षा झाली नाही. पण त्या वाक्याने मला हे शिकवलं की तिथे आजार हा रुग्णाच्या मालकीचा असतो, घराच्या नाही.

परत आल्यावर हेच उलटं भोगते आहे. इथे मुलगा आईच्या मागे उभा राहून मला डोळ्यांनी खुणावतो. फाइल अशी दुमडलेली असते की ‘कॅन्सर’ शब्द आत राहील. "आईला इन्फेक्शन सांगितलंय." पूर्वी मी मान डोलवायचे. आता रुग्णालाच विचारते, "तुमच्या आजाराचं किती सांगू? सगळं, की पुढचं मुलाशी बोलू?" बरेच जण म्हणतात, मुलाशी बोला. ते ठीक आहे, ती त्यांची निवड झाली. पण मुरबाडकडची एक आजी म्हणाली, "सांग गं बाई, मला शेतीचं वाटप करायचंय." मुलगा खाली बघत होता. आजीला सगळं आधीच माहीत होतं, फक्त किती महिने ते विचारायचं होतं.

वाटेबद्दल थोडक्यात. तिथल्या जीएमसीकडे (आपल्याकडचं सरकारी कॉलेज नव्हे, जनरल मेडिकल काउन्सिल) नोंदणी लागते. त्यासाठी प्लॅब या परीक्षेचे दोन भाग द्या, किंवा आपल्या विषयाची एफआरसीआर ही तिथली पदव्युत्तर परीक्षा पूर्ण करा. तुम्ही एमडी आहात, तेव्हा माझा कल एफआरसीआरकडे. पहिल्या भागात कर्करोगाचं जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, औषधशास्त्र आणि संख्याशास्त्र येतं. संख्याशास्त्राला आपले लोक हमखास कमी लेखतात. शेवटचा भाग तोंडी आणि क्लिनिकल. तो वाचून पास होता येत नाही, तो बोलून पास व्हावा लागतो. एमटीआय नावाची योजनाही आहे. त्यात दोन वर्षं शिकून परत यायचं असतं. ज्यांचं मन तळ्यात-मळ्यात आहे त्यांच्यासाठी ती चांगली.

कायम कन्सल्टंट व्हायचं तर जीएमसीच्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर, म्हणजे तज्ज्ञांच्या यादीत, नाव लागतं. तिथे ट्रेनिंग घेतलं तर ते आपोआप येतं, पण ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्रशिक्षणाच्या जागांत प्राधान्य द्यायची दिशा तिथल्या सरकारने घेतली आहे, तेव्हा त्या जागेवर डोळा ठेवून घर विकू नका. दुसरी वाट पोर्टफोलिओ पाथवेची: आपलं काम तिथल्या नव्या कन्सल्टंटच्या तोडीचं आहे हे कागदांवर सिद्ध करायचं. शेकडो पानं लागतात, आणि अलीकडच्या वर्षांच्या पुराव्याला वजन असतं. म्हणून आजपासून, अगदी ठाण्यातूनच, रुग्णांची नावं खोडून किरणोपचाराच्या प्लॅनिंगची वही ठेवा, आपल्या कामाचं ऑडिट करा, विभागप्रमुखांची सही घेत जा. मी हे केलं नव्हतं. पाच वर्षांनी जुन्या रुग्णालयात सहीसाठी गेले तेव्हा विभागप्रमुख बदललेले, संगणकप्रणाली बदललेली, आणि रेकॉर्ड रूममधल्या मामांनाच काय ती माझी ओळख पटली.

पैसे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी कन्सल्टंटचा मूळ वार्षिक पगार १,०९,७२५ ते १,४५,४७८ पौंड होता. सुरुवातीला फेलो म्हणून त्याच्या निम्म्याच्या थोडं वर मिळेल असं धरा. याला लगेच रुपयांनी गुणू नका. ५०,२७० पौंडांच्या वर ४० टक्के कर आहे, एक लाखाच्या पुढे करमुक्त रक्कमही घटत जाते, पेन्शनची कपात १० टक्क्यांच्या पुढे असते, आणि मग पाळणाघर. दोन वर्षांच्या मुलीचं पाळणाघर तुमच्या घरभाड्याच्या स्पर्धेत उतरेल. ठाण्यातला जम बसलेला खासगी ऑन्कॉलॉजिस्ट तिथल्या कन्सल्टंटपेक्षा जास्त कमावतो, हे उघड गुपित आहे. पैशासाठी जात असाल तर आखातात जा.

एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. परदेशात शिकलेल्या आणि गोऱ्या नसलेल्या डॉक्टरांची तक्रार रुग्णालयाकडून जीएमसीपर्यंत जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. हे जीएमसीनेच २०१९ मध्ये अहवाल करवून मान्य केलं. कारणांतलं एक मला पटलं: नव्या माणसाला चूक वेळेवर, तोंडावर कुणी सांगत नाही, आणि मग ती एकदम कागदावर येते. म्हणून पहिल्या दिवशीच एखाद्या सिनिअरला सांगून ठेवा की माझं चुकलं तर मला लगेच सांगा. आणि डॉक्टरांच्या बचाव संघटनेचं सभासदत्व स्वतःच्या पैशाने घ्या. एनएचएसचं संरक्षण नुकसानभरपाईच्या दाव्यांना असतं, जीएमसीच्या चौकशीला नाही.

तिथून काय आणाल, याचं एक उदाहरण देते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वी पाच आठवडे शेक द्यायचो. ब्रिटिश चाचण्यांनी ते तीन आठवड्यांवर आणलं, आणि २०२० मध्ये फास्ट-फॉरवर्ड चाचणीची पाच वर्षांची निरीक्षणं आली: एका आठवड्यात पाच शेक, एकूण २६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), निवडक रुग्णांत तीन आठवड्यांच्या तोडीचे. शहापूरहून दोन गाड्या बदलून येणाऱ्या बाईला पाच खेपा आणि पंचवीस खेपा यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. हा प्रश्न सार्वजनिक व्यवस्थेने आधी विचारला यात मला नवल वाटत नाही. जिथे बिल शेकांच्या संख्येवर निघतं तिथे शेक कमी करायची घाई कुणाला असेल?

उलट दिशेनेही जातं बरं का. टाटाच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तोंडी औषधांसोबत देऊन पाहिलं. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साधारण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तिथल्या बैठकीत माझे सहकारी असं काही ऐकून आधी भुवया उंचावायचे, मग पेपर मागायचे. तंबाखू-मिश्रीचे जबडे तुम्ही तीन वर्षं बघितलेत, ती तुमची तिथली ठेव आहे. तिकडचा घशाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणात एचपीव्ही या विषाणूचा, रुग्ण दात शाबूत असलेला, किरणोपचाराला छान प्रतिसाद देणारा. एखादा आपल्याकडच्यासारखा, तोंडच उघडता न येणारा रुग्ण आला की तुम्हाला बोलावतील.

राहिले आईवडील आणि पत्नी. पत्नीचं आधी, कारण लोक हे सगळ्यात शेवटी बघतात. डेंटिस्टना तिथे साधारणपणे ओआरई ही परीक्षा लागते, आणि तिच्या जागा इतक्या मोजक्या की बुकिंग उघडताच संपतात. म्हणजे तुम्ही दोन वर्षांत स्थिरावाल आणि त्या अजून रांगेत असतील, डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडणाऱ्या गावात, लहान मुलीसोबत. माझ्या बरोबर गेलेल्या तीन जोडप्यांपैकी दोन याच कारणाने परतली, एकही डॉक्टर कामाला कंटाळून परतला नाही. तेव्हा अर्ज आधी त्यांचा, मग तुमचा.

आईवडिलांबद्दल सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. माझे बाबा नौपाड्यात बाथरूममध्ये पडले तेव्हा मी एका अनोळखी बाईचा हात धरून बसले होते, तिची मुलं वेळेत पोचली नव्हती म्हणून. माझा फोन लॉकरमध्ये होता. बाबांना शेजारच्या काकांनी रुग्णालयात नेलं. ते बरे झाले, पण मी सहा महिन्यांनी राजीनामा दिला. तुमच्याकडे भाऊ-बहीण आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.